माप बदला, पकड बदलू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

प्राचीन लढाईवरचं नाटक, मालिका किंवा चित्रपट आला की वाचकांची दोन प्रकारची पत्रं येतात. एक म्हणतं, इतिहासाची मोडतोड झाली. दुसरं म्हणतं, ही कलाकृती आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. भांडण दोन्हीकडे एकाच गोष्टीवर: कोणाला शूर दाखवलं, कोणाला भेकड, कोणाच्या तोंडी काय घातलं. भाला कसा धरला, धनुष्य कुठं टेकवलं, हत्तीच्या पाठीवर काय होतं, याबद्दल अवाक्षर नसतं. मला हे उलटं वाटतं. संवाद आणि स्वभाव हा लेखकाचा प्रांत. तिथं त्यानं बिनधास्त वावरावं. हत्यार, जनावर, चिखल आणि माणसाचा दम यांच्या बाबतीत मात्र सूट घेताना दहादा विचार करावा, कारण लढाईतलं नाट्य बहुतेक वेळा तिथूनच निघतं.

हा वाद जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या ल्युशिअन या लेखकानं एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. अलेक्झांडरबरोबर मोहिमेत असलेल्या अरिस्टोब्युलसनं अलेक्झांडर आणि पोरस यांच्या द्वंद्वयुद्धाचं वर्णन लिहिलं आणि झेलम नदीतून जाताना ते राजाला कौतुकानं वाचून दाखवलं. राजानं ते हिसकावून पाण्यात भिरकावलं आणि म्हणाला, माझ्या वतीनं परस्पर द्वंद्वं लढतोस, एकेका भाल्यात हत्ती लोळवतोस, खरं तर तुलाच फेकायला हवं. (हा किस्साही घटनेनंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी लिहिलेला, तेव्हा तोही चिमूटभर मीठ घालूनच घ्यावा.) गंमत अशी की ते द्वंद्व काही बुडालं नाही. दोन राजे घोड्यावर समोरासमोर, भोवती सैनिकांचं रिंगण, हे दृश्य आजही पुन्हा पुन्हा रंगवलं जातं. एरियन या ग्रीक इतिहासकाराच्या सविस्तर वर्णनात पोरस हत्तीवर आहे आणि शेवटपर्यंत हत्तीवरच आहे.

इ.स.पू. ३२६ची ही झेलमकाठची लढाई उदाहरण म्हणून फार सोयीची आहे, कारण तिथं पक्कं काय, कच्चं काय आणि रिकामं काय, हे तिन्ही दिसतं. भारतीय बाजूची समकालीन नोंद नाही. ग्रीक-रोमन वर्णनं तीनशे ते पाचशे वर्षं नंतरची, जुन्या लेखनावर बेतलेली. आकड्यांचा मेळ नाही: पोरसचे हत्ती एरियनकडे २००, डायोडोरसकडे १३०, कर्टियसकडे ८५. रथ कुठं ३००, कुठं हजाराच्या वर. अशा वेळी निवेदकाच्या भारदस्त आवाजात ‘दोनशे हत्ती’ म्हणणं म्हणजे उगाच हमी देणं. तोच आकडा नदीपलीकडून पळत आलेल्या, धापा टाकणाऱ्या टेहळ्याच्या तोंडी घाला. भ्यालेला माणूस जास्तच मोजतो, हे प्रेक्षकाला कळतं. आकडा खोटा ठरला तरी प्रसंग खोटा ठरत नाही. ग्रीसवर चालून आलेलं इराणी पायदळ ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं सतरा लाखांचं सांगितलं आहे. दहा हजार माणसं दाटीनं उभी करून भोवती कुंपण घातलं आणि ते १७० वेळा भरून मोजणी केली, असं तो लिहितो. आकडा अशक्य आहे, पण कुंपणात माणसं मापट्यासारखी भरून ओतण्याचं ते दृश्य कोणत्याही दिग्दर्शकानं डोळे झाकून उचलावं.

आता ज्या गोष्टी बऱ्यापैकी पक्क्या आहेत, त्यांकडे येतो. अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियननं भारतीय पदातीचं धनुष्य वर्णिलं आहे. धनुष्य माणसाच्या उंचीचं, त्याचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, डाव्या पायानं दाबून धरायचं आणि दोरी मागे खेचायची. बाण तीन हातांहून जरासा आखूड, म्हणजे सव्वा मीटरच्या पुढे. ढाल आणि चिलखत, दोन्ही भेदणारा. आता याला कर्टियसची ओळ जोडा: त्या दिवशी जमीन पावसानं निसरडी झाली होती, धनुष्य नीट टेकेना आणि बाण सुटायच्या आत शत्रू अंगावर आला. पटकथेला आणखी काय हवं? सर्वांत जबर हत्यार हातात आहे आणि पायाखालची माती ते चालवू देत नाही. टाच घसरते, टोक चिखलात रुततं, पुन्हा उपसायचं, पुन्हा टेकवायचं. इतकं तयार नाट्य समोर असताना हातात जेमतेम मीटरभराचं वळणदार धनुष्य देऊन तिरंदाजाला उड्या मारायला लावणं याला कलात्मक स्वातंत्र्य कसं म्हणायचं? प्रॉपर्टीवाल्याकडे जे होतं ते दिलं, एवढंच.

रथांचंही तेच. एरियनच्या मते पोरसच्या मुलाला १२० रथ देऊन पुढं धाडलं होतं आणि ते चिखलात निकामी झाले. रथात माणसं किती, यावर एकमत नाही. मौर्य दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थनीस सारथ्याखेरीज दोन योद्धे सांगतो, तर कर्टियस एकूण सहा: दोन ढालवाले, दोन तिरंदाज आणि दोन सारथी, जे अंगावर आल्यावर लगाम सोडून भाले फेकतात. इथं लेखकानं हवं ते निवडावं. पण सहा निवडले तर रथ जड आहे, चाक खोल जाणार आणि घोडे दमणार, हा हिशेब पुढच्या प्रसंगात दिसला पाहिजे. सहा माणसं चढवायची आणि रथ मात्र शर्यतीच्या गाडीसारखा पळवायचा, असं दोन्हीकडून खाता येत नाही.

‘सूट घेऊ नका’ असं मी म्हणत नाही. सूट घेण्याची रीत सांगतो, ती मॅसिडोनियन, म्हणजे अलेक्झांडरच्या सैन्याच्या, भाल्यावर स्पष्ट होते. सारिसा हा भाला साधारण साडेचार ते सहा मीटर लांब, वजन पाच-सहा किलो. तो दोन्ही हातांनीच पेलतो, म्हणून ढाल लहान, साठेक सेंटिमीटरची, पट्ट्यानं गळ्या-खांद्यात अडकवलेली. रंगमंचावर सहा मीटरचा बांबू आणला तर दिवे फुटतील आणि विंगेतला माणूस जखमी होईल. शिवाय लांब बांबू टोकाला लवतो, हलतो, आणि विनोदी दिसतो. मग भाला साडेतीन मीटर करा, खुशाल करा. पण तो उजव्या हातात आणि डाव्या हातात भलीमोठी ढाल, असं केलंत की सगळा व्यूहच खोटा पडतो. हा सैनिक एकटा वळूच शकत नाही. तुकडीला दिशा बदलायची तर आधी सगळे भाले उभे करायचे, मग वळायचं, मग पुन्हा खाली घ्यायचे. तेवढ्या वेळात बगल उघडी पडते. ही अडचण म्हणजेच त्या व्यूहाची गोष्ट. म्हणून माप बदला, पकड बदलू नका.

यात पैसेही वाचतात. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की पहिल्या पाच रांगांची पाती पुढच्या माणसाच्या पलीकडे निघतात. म्हणजे समोरून भाल्यांची भिंत दाखवायला रुंदीत आठ आणि खोलीत पाच, अशी चाळीस माणसं पुरतात. मागच्या रांगांचे भाले तिरपे वर धरलेले असतात. तिथं नुसत्या काठ्या आणि धूर चालतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवला तर मागे काय आहे ते दिसतही नाही. या चाळीस जणांना पावलं मात्र ठोक्यावर टाकायला शिकवा. दोन दिवसांची तालीम बस्स होते. ती टाळली की तिसऱ्या रांगेचं पातं पहिल्या रांगेच्या मानेत जातं आणि चित्रीकरण थांबतं.

घोड्यांच्या बाबतीत सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. अलेक्झांडरच्या काळात रिकीब नव्हती, खोगिराऐवजी पाठीवर घोंगडी असायची. भारतातल्या इ.स.पू. पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या शिल्पांत पायाचा अंगठा अडकवायची दोरी दिसते. धातूची जोड-रिकीब चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकात येते. आजच्या स्टंटवाल्याला रिकिबीशिवाय दौडत पाठवा, असं कोणीही शहाणा म्हणणार नाही. रिकीब ठेवा, झुलीखाली लपवा. पण स्वाराला तिच्यात ताठ उभा करून दोन्ही हातांनी तलवार फिरवायला लावू नका. मांड गुडघ्यांची असू द्या. घाव चुकला की स्वार कलंडतो, घसरतो, आयाळ पकडून सावरतो. हे पाहायलाही जास्त जिवंत वाटतं.

हत्तीवरची अंबारी हा आमच्या दृश्यकलेचा जुना मोह. सांचीच्या शिल्पांत स्वार हत्तीच्या पाठीवर झूल टाकून बसलेले दिसतात. मेगॅस्थनीस हत्तीवर माहूत आणि तीन तिरंदाज सांगतो. चार माणसं उघड्या पाठीवर, हत्ती पळायला लागला की एकमेकांना आणि दोरखंडाला धरून. सोनेरी हौद्यात ऐसपैस उभ्या राहिलेल्या सेनापतीपेक्षा ही चौघं किती असुरक्षित, आणि म्हणून किती बघण्यासारखी! कौटिलीय अर्थशास्त्रात उत्तम हत्तीचं माप सात अरत्नी (अरत्नी म्हणजे हातभर) उंच, नऊ लांब, दहा घेर आणि वय चाळीस वर्षं असं दिलं आहे. युद्धासाठीच्या शिक्षणाचे सात भागही मोजले आहेत, त्यांत उडी, वळणं, तुडवणं, दुसऱ्या हत्तीशी झुंज, वेशी-तटबंदी फोडणं असं सगळं येतं. म्हणजे युद्धहत्ती वर्षानुवर्षं घडवलेला असे, आणि तरीही जखमी झाला, माहूत पडला की आपल्याच लोकांत घुसे. झेलमकाठी तेच झालं. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. दोनशे हत्ती धरले तर रोज तीस टन. छावणीच्या एखाद्या प्रसंगात वैरणीच्या गंजीवरून दोन अधिकारी भांडताना दाखवा. सैन्य किती मोठं आहे ते व्हीएफएक्सशिवाय कळेल.

काही चुका तर अशा आहेत की त्यांत सूट वगैरे काही नाही, निव्वळ आळस आहे. रोमविरुद्धच्या कॅनीच्या लढाईत (इ.स.पू. २१६) कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे हत्ती दाखवतात. आल्प्स ओलांडून आणलेल्या ३७ हत्तींपैकी एक सोडून बाकीचे इ.स.पू. २१८-१७च्या हिवाळ्यातच मेले होते. सीझरच्या सैनिकांना लोखंडी पट्ट्यांचं चिलखत चढवतात. ते इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अगदी अखेरीस, सीझर गेल्यानंतर दिसू लागतं. त्याच्या सैनिकाच्या अंगात कड्यांचं चिलखत हवं, दहाएक किलोंचं, निम्मा भार कमरपट्ट्यावर तोललेला. वजनाची पेटी खाली पडून धोंडा फेकणारं उंच यंत्र इसवी सनाच्या बाराव्या शतकातलं. प्राचीन यंत्रं पिळलेल्या स्नायूंच्या किंवा केसांच्या दोरांवर चालत आणि पावसात ढिली पडत. तलवार म्यानातून निघताना ‘श्शिंग’ वाजते, ती कशावर घासून? म्यान लाकूड-चामड्याचं. आणि तिरंदाजांना ‘फायर!’ म्हणून हुकूम कसला देता? बाणाला बत्ती लागत नाही.

जळते बाण खरे आहेत, पण गवती छपरांवर, जहाजांवर, लाकडी यंत्रांवर. टोकाला राळेची चिंधी बांधली की बाण जड होतो, पल्ला घटतो, आणि जोरात सोडला तर वाऱ्यानं विझतो. मोकळ्या मैदानात चिलखती माणसांवर ते सोडण्यात अर्थ नाही. तसंच ‘थांबा... थांबा... आता!’ हा प्रकार. लढाईचं जड धनुष्य पूर्ण ताणून दहा सेकंद धरलं तरी हात थरथरतो. सेनापतीनं हात वर करून अर्धा मिनिट भाषण केलं तर पहिल्या फैरीचे निम्मे बाण पायाशी पडतील. तालमीत सरावाचं हलकं धनुष्य असतं, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे: बाण लावून दोरी सैल ठेवू द्या आणि इशाऱ्यावर ताणून लगेच सोडू द्या. इशाराही आरडाओरड्याचा नको. अर्थशास्त्रात वाद्यांचा आवाज, ध्वज आणि पताका यांनी सैन्याच्या भागांना खुणा ठरवून द्याव्यात असं सांगितलं आहे. धुळीत आणि गोंगाटात माणसाचा आवाज वीस पावलांपलीकडे जात नाही.

तलवारबाजीबद्दल फाइट मास्टरांची बाजू घ्यायला हवी. रोमन लष्करी लेखक व्हेजिशियस लिहितो की रोमन सैनिकाला वार करायला नव्हे, भोसकायला शिकवत. दोन बोटं खोल गेलेलं टोक जीव घेतं. पण भोसकणं हे कलाकारासाठी सर्वांत धोक्याचं, कारण बोथट केलेलं टोकही डोळ्यात जाऊ शकतं, आणि ढालीआडून केलेली भोसक प्रेक्षकाला दिसत नाही. म्हणून मोठे, फिरते वार आले. ही सूट समजण्यासारखी आहे. तरी मधला मार्ग आहे. भोसक खांद्याच्या खाली आणि अंगाबाहेर, प्रेक्षकापासून लांबच्या बाजूनं काढायची. ढालीचा धक्का खरा ठेवायचा, कारण तो सुरक्षित असतो आणि आवाजही देतो. आणि महत्त्वाचं: कोणी सलग पाच मिनिटं लढू नये. चिलखतात पूर्ण ताकदीनं दोन-तीन मिनिटं झुंजलं की माणूस संपतो. मग दोन्ही रांगा चार पावलं मागे सरतात, श्वास घेतात, शिव्या देतात, दगड फेकतात. बहुतेक माणसं मरतात ती फळी फुटून पाठ फिरल्यावर. त्या मधल्या विश्रांतीत संवाद लिहायला भरपूर जागा आहे. लेखक मात्र तलवारी एकमेकांत अडकवून, नाकाला नाक लावून संवाद म्हणायला लावतात.

नाकावरून आठवलं. ग्रीकांचं कोरिंथियन शिरस्त्राण कान झाकतं आणि तोंडही, मग नट ओळखायचा कसा? ग्रीक शिल्पांतच उत्तर आहे: लढाई नसेल तेव्हा ते कपाळावरून मागे सरकवलेलं असतं. चेहरा हवा त्या प्रसंगात मागे, फळी भिडताना खाली. खाली ओढण्याची ती एक हालचालच ‘आता सुरू’ असं सांगते.

भाषेबद्दल थोडं. मौर्य सेनापतीच्या तोंडी ‘फौज’, ‘फत्ते’, ‘हुकूम’ हे अरबी शब्द खटकतात. पण म्हणून प्रत्येक शिपायाला जडजंबाळ संस्कृत बोलायला लावणंही अस्सल नव्हे. अशोकाच्या लेखांची भाषा प्राकृत आहे. साधी, तद्भव शब्दांची मराठी त्या बोलीला समासांच्या आगगाडीपेक्षा जवळची. छावणीतल्या भाकरीबरोबर तेवढी मिरची ठेवू नका. ती सोळाव्या शतकाच्या आधी इकडे नव्हती.

आणि जिथं साधनं खरोखर गप्प आहेत, तिथं लेखकानं कोणाला भिऊ नये. कलिंग युद्धाबद्दल अशोकाचा तेरावा शिलालेख दीड लाख माणसं हलवली, एक लाख मारली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, एवढं सांगतो. कलिंगाच्या राजाचं नाव नाही, व्यूह नाही, रणांगणाचं वर्णन नाही. धौली आणि जौगड इथं, म्हणजे खुद्द कलिंगात, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. तिथं वेगळे लेख आहेत. ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांना तो पश्चात्ताप वाचायला मिळाला नाही, ही गोष्ट एखाद्या नाटककाराला वर्षभर झोपू देणार नाही. इथं पात्रं निर्माण करा, नावं द्या, घरं द्या. उलट, ज्या गोष्टी प्रेक्षक ‘काहीतरीच आधुनिक’ म्हणून हसण्यावारी नेईल, त्या लिहिलेल्या सापडतात. अर्थशास्त्रात राजा झोपेतून उठल्यावर धनुर्धारी स्त्रियांच्या पथकानं त्याच्याभोवती असावं, असा नियम आहे. फळीच्या मागे वैद्य उभे असावेत, हातात शस्त्रं, यंत्रं, औषधं, तेल आणि कापड घेऊन. शेजारी अन्नपाणी सांभाळणाऱ्या स्त्रिया, लढणाऱ्यांना हुरूप देत. फळीच्या मागचं हे दृश्य पडद्यावर क्वचितच दिसतं.

पुन्हा पोरसकडे येतो. ‘राजासारखं वागव’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, आणि ते तसं उच्चारलं गेलं असो वा नसो, एरियन आणि प्लुटार्क दोघांनी ते दिलं आहे, तेव्हा ठेवायला हरकत नाही. पण एरियननं त्याच्या आधीचा जो प्रसंग सांगितला आहे, तो बहुतेक जण गाळतात. उजव्या खांद्याला जखम झालेला पोरस हत्तीवरून मागे निघाला आहे. शरण ये म्हणून निरोप घेऊन तक्षशिलेचा राजा येतो. जुना वैरी, त्याच्यावर पोरस भाला उगारतो. मग एकामागून एक माणसं येतात. शेवटी मेरोस नावाचा त्याचा जुना भारतीय मित्र येऊन बोलतो. पोरसला तहान लागलेली असते. तो हत्ती थांबवतो, उतरतो, पाणी पितो, जरा तरतरी आल्यावर म्हणतो, चला, न्या मला त्याच्याकडे.

या दृश्याला एक हत्ती, दोन नट आणि पाण्याचं एक भांडं लागतं.

आपला,
प्राचीन युद्धपद्धतींचा एक अभ्यासक